आभार नेमके असावेत : शिबिराहून परतलेल्या लेकीला पत्र

चि. शर्वरी हिस,

अनेक आशीर्वाद.

रतनगडाजवळच्या शिबिराच्या ग्रुपवर तू टाकलेलं ‘थँक्यू एव्हरीवन, बेस्ट कॅम्प एव्हर’ वाचलं. भावना खरी आहे, पण सगळ्यांचे मिळून एकदम मानलेले आभार कुणा एकाच्या पदरात पडत नाहीत. शिवाय तुमच्यासाठी सगळ्यात जास्त राबल्या त्या स्वयंपाकाच्या मावश्या त्या ग्रुपवर नाहीतच. शाळा जूनच्या मध्याला सुरू होईल. तोवर तू सांगलीला आजीकडे आहेस आणि हाताला काम नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आभार मानायचे तर समोरच्यानं नेमकं काय केलं ते आधी कळायला हवं. ‘जेवण मस्त होतं’ हे कोणत्याही लग्नातून निघताना म्हणता येतं. त्यापेक्षा एक हिशेब मांडून बघ. तुम्ही मुलं चाळीस, वर दादा-ताई धरून पंचेचाळीस ताटं. माणशी दोन म्हटल्या तरी एका जेवणाला नव्वद भाकरी. किलोभर पिठाच्या दहा-बारा भाकरी होतात, म्हणजे आठेक किलो पीठ. नागलीच्या किंवा तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळत्या पाण्यात उकड काढून ते गरम असतानाच मळावं लागतं, नाहीतर भाकरी थापताना कडेनं चिरते आणि तव्यावर टाकताना मोडते. एक भाकरी तव्यावर दोन-अडीच मिनिटं घेते. दोन चुली सतत पेटत्या ठेवल्या तरी नव्वद भाकऱ्यांना दीड-पावणेदोन तास लागतात, आणि तेही मे महिन्यात, चुलीसमोर बसून. तुम्हाला सातला पोहे मिळत होते म्हणजे चुली पाचच्या आत पेटत होत्या. आता पाणी. उन्हात चालणाऱ्या मुलाला पिण्यापुरतं दिवसाला चार लिटर धर, म्हणजे एकशे ऐंशी लिटर. रांधायचं, भांड्यांचं वेगळं. धरण डोळ्यांसमोर असलं तरी वरच्या वाड्यांतल्या विहिरी मेमध्ये तळाला जातात, तेव्हा हे पाणी कुणीतरी वाहून आणलेलं होतं.

एवढं कळलं की आभाराचं वाक्य आपोआप नेमकं होतं. ‘मावशी, रतनगडावरून आम्ही तिन्हीसांजेला उतरलो तेव्हा गरम पिठलं तयार होतं. आम्ही उशिरा येणार हे तुम्ही कसं ओळखलंत?’ असं काहीतरी. पण हे पत्रानं कळवू नकोस. त्यांना वाचायला दुसऱ्याला सांगावं लागेल, आणि आपल्या कौतुकाचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायला माणसं संकोचतात. फोन कर. त्यांच्या मुलाचा नंबर शिबिराच्या ताईंकडे आहे. आधी ताईंना विचार, मग रात्री आठनंतर लाव, कारण दिवसा त्या घरी सापडायच्या नाहीत. शक्यतो पाऊस सुरू व्हायच्या आधीच कर. पाऊस लागला की राबावर, म्हणजे भाजून तयार केलेल्या रोपांच्या जागेवर, भाताचं बी पडतं, पुढे आवणी, म्हणजे रोपांची लावणी, आणि मग महिना-दीड महिना त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. फोनवर नाव सांगितलंस तर त्यांना आठवणार नाही. चाळिसांत तू कोण? ‘दोन वेण्या घालणारी, तिसऱ्या दिवशी पातेलं करपवलं ती’ अशी ओळख दे.

भेटवस्तू पाठवायची असेल तर एकच सुचवते. तुझ्या फोटोंमध्ये मावशींचा चुलीजवळ बसून हसतानाचा एक आहे. तो चार बाय सहा इंचाचा छापून पाठव. रांधणारं माणूस शिबिराच्या फोटोत सहसा नसतंच. छापायला देताना व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत देऊ नकोस, ती दाबलेली असते आणि कागदावर चेहरे पुसट येतात. मूळ फाइल ज्याच्या फोनमध्ये आहे त्याच्याकडून ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागव. फोटोच्या पाठीवर बॉलपेननं लिहू नकोस, दाबून लिहिलेल्या अक्षरांचे वळ पुढून दिसतात. बारीक मार्करनं लिही आणि पूर्ण वाळल्याशिवाय एकावर एक ठेवू नकोस.

निखिलदादाचं वेगळं आहे. तो वाचणारा आहे, त्याला पत्रच लिही. रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याच्या वेळी त्यानं केस हेल्मेटच्या आत बांधायला लावले आणि ओढणी काढून ठेवायला सांगितली म्हणून तू घरी येऊन कुरकुरलीस. त्याचं कारण असं. दोर ज्या धातूच्या आठच्या आकड्यातून सरकतो त्यात मोकळे केस किंवा कापड ओढलं गेलं, की माणूस कड्याच्या मध्येच अडकतं. स्वतःचंच वजन दोरावर असल्यामुळे ते हातानं सोडवता येत नाही. वरून दुसऱ्या दोरावर वजन घेऊन, माणसाला थोडं उचलून मगच सुटका होते. दादा ते टाळत होता. दर मुलामागे त्यानं चार गोष्टी हातानं चाचपल्या असतील: हार्नेसचा, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांचा, पट्टा बकलातून उलटा परत ओवलाय का, कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा, स्क्रू बंद आहे का, गाठीचं शेपूट पुरेसं लांब आहे का, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळलाय का. चाळीस मुलं म्हणजे एकशे साठ वेळा तीच तपासणी, आणि शेवटच्या मुलापर्यंत त्यात ढिलाई चालत नाही. कंटाळा आल्यावरच चुका होतात. वर अँकर, म्हणजे दोर बांधायचे आधार, दोन, एकमेकांवर न विसंबलेले, म्हणजे एक निसटला तरी दुसरा धरतो. कड्याच्या धारेवर दोर घासून कापू नये म्हणून खाली जाड गोणपाट. आणि तुझ्या कमरेला बांधलेला दुसरा दोर ज्याच्या हातात होता, त्या मुलीनं तू जमिनीला टेकेपर्यंत ब्रेकचा, म्हणजे दोर आवळून धरणारा, हात दोरावरून एकदाही सोडला नसणार. ती कोण होती? तिचं नाव तुला आठवत नसेल तर आधी ते शोधून काढ. दुसरं पत्र तिला.

पत्र कितीचं असावं? पोस्टकार्डाएवढं पुरे. पहिल्या वाक्यात तू कोण ते, मग त्यांनी केलेली एकच ठळक गोष्ट, मग त्यामुळे तुझ्यात काय बदललं ते एका ओळीत. ‘आता मी गाठ मारल्यावर आपोआप शेपूट मोजते’ एवढंही चालेल. ‘तुमच्यामुळे माझं आयुष्यच बदललं’ असलं लिहू नकोस. दहा दिवसांत कुणाचं आयुष्य बदलत नाही आणि दादाला ते माहीत आहे. आणि तक्रार असेल, शौचालयांची वगैरे, तर ती आभाराच्या पत्रात कोंबू नकोस. ती ताईंना वेगळी कळव. एका पत्रात दोन्ही आलं की वाचणाऱ्याला तक्रारच तेवढी लक्षात राहते.

आता तुझ्या शिबिरातल्या मैत्रिणीच्या, सोनालीच्या पत्त्याचं बघू, कारण तो चुकला तर पुढचं सगळं फुकट. तुझ्या वहीत तिनं नुसतं ‘रतनवाडीजवळ, अकोले’ लिहिलंय. खेड्याचा पत्ता असा लिहायचा असतो: नाव, मग मु. म्हणजे राहण्याचं गाव किंवा वाडी, मग पो. म्हणजे ज्या गावात टपाल कार्यालय आहे ते, मग ता., जि. आणि शेवटी पिनकोड. लहान वाडीला स्वतःचं पोस्ट नसतं. मु. आणि पो. ही दोन वेगळी गावं असतील तर दोन्ही वेगळी लिहावी लागतात. ‘मु. पो.’ असं जोडून तेव्हाच लिहायचं जेव्हा दोन्ही एकच असतं. दुसरी मेख अकोल्याची. सोनालीचा तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर. विदर्भातलं ते अकोला. घाईत एक मात्रा इकडची तिकडे झाली की पत्र शेकडो किलोमीटर भलतीकडे फिरून येतं, किंवा येतच नाही. असल्याच घोळांसाठी पिनकोड आला, १५ ऑगस्ट १९७२ रोजी. तो बसवणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातले आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांतला पहिला आकडा विभागाचा. आपला ४, त्यात महाराष्ट्राबरोबर गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही येतात. पहिले तीन मिळून टपालाचा सॉर्टिंग जिल्हा कळतो. अकोले तालुक्याचा पिन ४२२ ने सुरू होतो, विदर्भातल्या अकोल्याचा ४४४ ने. तेव्हा पिन बरोबर असला की बाकी अक्षर थोडं गचाळ असलं तरी चालून जातं.

आणखी एक. सोनाली आश्रमशाळेत शिकते. मेमध्ये ती घरी होती, जूनमध्ये परत वसतिगृहात जाईल. घरच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र तिला दिवाळीच्या सुट्टीत मिळेल आणि तोवर तिला वाटेल की तू विसरलीस. तिच्या आश्रमशाळेचा पत्ता ताईंकडून घे, ‘द्वारा मुख्याध्यापक’ घालून इयत्ता लिही. शाळेत आलेलं टपाल आधी कार्यालयात जातं, कधी कधी उघडलंही जातं. म्हणून तंबूत रात्री कुजबुजलेलं काही त्यात नको. पोस्टकार्ड ५० पैशांना, आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांना मिळतं. दुसरं घे, ते घड्या घालून बंद होतं. जेल पेनानं लिहू नकोस. पावसाळ्यात टपाल पिशवीतून भिजत जातं आणि ती शाई पसरते. साध्या बॉलपेननं लिही, आणि पत्ता तर नक्कीच. तिच्याकडे उत्तराला कागद आणि पैसे असतीलच असं धरू नकोस. स्वतःचा पत्ता लिहिलेलं एक कोरं आंतरदेशीय पत्र सोबत हवं असेल तर तुझं पत्र पाच रुपयांच्या पाकिटातून पाठव. आंतरदेशीय पत्राच्या आत काही घालायला परवानगी नसते.

ग्रुपचं म्हणशील तर तो बंद पडणार आहे. शाळा, क्लास, नवीन वह्या सुरू झाल्या की जुलैपर्यंत तिथे फक्त वाढदिवसाचे केक उरतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस आणि कुणावर रुसूही नकोस. चाळीस जणांशी मैत्री टिकत नाही. तिघी निवड. माझ्या मते सोनाली, सोलापूरची मैथिली आणि पनवेलची अनुष्का, पण निवड तुझी. शिबिरात मैत्री जमली ती काम एकत्र होतं म्हणून. एकीनं तंबूची काठी धरायची, दुसरीनं खुंटा ठोकायचा. इकडे आल्यावर नुसतं ‘मिस यू’ उरतं, आणि त्याला उत्तर ‘मिस यू टू’ याशिवाय काही नसतं. दोन-तीनदा झालं की संपलं. त्यापेक्षा चौघींना मिळून काहीतरी काम हवं.

ते तुमच्याकडे आहे. सोनालीच्या आजीनं निरोपाला पुडीत दिलेलं वालाचं बी तुझ्या कंपासपेटीत घरंगळत होतं, ते सांगलीच्या पत्त्यावर याच पाकिटातून पाठवते आहे. फेकायचं नाही. अकोले तालुका गावठी वाणांसाठी नावाजलेला आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना सगळे बीजमाता म्हणतात आणि ज्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली, त्या याच तालुक्यातल्या. वालाची कितीतरी वाणं त्यांनी जपली. अशा घरांत बी विकत मिळत नाही, हातातून हातात जातं. गावोगावच्या बियाणे बँकांत नेलेल्या बियाण्याच्या दुप्पट परत करायची रीत असते. तेव्हा सोनालीच्या आजीचे आभार शब्दांत मानायची गरज नाही. पुढच्या उन्हाळ्यात मूठभराच्या बदल्यात दोन मुठी परत गेल्या की झालं.

करायचं असं. आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून चार-पाच दिवस ठेव. सात-आठ मोडावल्या तर बी चांगलं, पाचाच्या खाली असेल तर एका जागी तीन-तीन टाक. राहिलेल्यातले दहा-दहा मैथिली आणि अनुष्काला पाकिटातून पाठव, पण टिपकागदात गुंडाळून, प्लॅस्टिकमध्ये नाही. आत दमट झालं की बुरशी धरते. सांगलीत दोन चांगले पाऊस होऊन माती खालपर्यंत भिजली की आजीच्या परसात कुंपणाजवळ लाव. बी सहा-आठ तास भिजवायचं, रात्रभराहून जास्त नाही. एका आळ्यात दोन, बोटाच्या एका पेराएवढं खोल, आळ्यांत दोन-अडीच फुटांचं अंतर. पाणी साचणारी जागा नको, वालाचं मूळ साचल्या पाण्यात कुजतं. वेल वितभर झाला की काठी दे, पुढे तो मांडवावर जाईल. शेणखताची ओंजळ लावताना पुरे. युरिया अजिबात नको, नुसती पानं माजतात.

आणि सगळे हमखास फसतात ते इथे. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, वेल हिरवागार आणि फूल एकही नाही. लोक वैतागून उपटतात. गावठी वाल दिवस लहान होऊ लागले की मगच फुलतो, म्हणजे ऑक्टोबरच्या आसपास. तोवर थांबायचं. शेंड्यांवर काळा मावा येईल. आधी हातानं चिरडायचा, आवरला नाही तर लिटरभर पाण्यात चमचाभर साबणाचं पाणी फवारायचं, संध्याकाळी. सोलापुरात पावसाचा खरा जोर सप्टेंबरात, त्यामुळे मैथिलीला मध्ये पाणी घालावं लागेल. पनवेलला उलटी गत. तिकडे वाल करतात ते भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर, आणि ते बुटके कडवे वाल. हा वेल कोकणच्या जुलैत मोकळ्यावर टिकायचा नाही. अनुष्कानं एक तर पागोळ्यांपासून लांब, तळाला भोकं पाडलेल्या डब्यात लावावा किंवा सप्टेंबर संपताना. चौघींच्या तारखा वेगळ्या, पाऊस वेगळा, कीड वेगळी. मग महिन्यातून एकदा एकमेकींना विचारायला काहीतरी असतं, आणि सोनालीला तुम्हा तिघींपेक्षा जास्त कळतं, हेही बरं.

बियाण्यासाठी वेलाच्या मधल्या भागातल्या भरलेल्या शेंगा पहिल्यापासूनच दोरा बांधून राखून ठेव. आजीला भाजीसाठी त्या दिसल्या तर हाती लागायच्या नाहीत. वेलावरच वाळू दे, सोल, दोन-तीन उन्हं दे. दाताखाली बी कटकन तुटलं म्हणजे वाळलं. दबलं तर अजून ओल आहे, आणि ओल असली की भुंगा आलाच. चाळलेल्या थंड राखेत बुडवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेव.

काजव्यांचा व्हिडिओ तू अजून कुठे टाकलेला नाहीस, तो टाकूच नकोस, निदान जागेचं नाव घालून तरी नको. मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभळावर ते लुकलुकतात ते जोडीदाराला खूण म्हणून. टॉर्च आणि गाड्यांचे दिवे पडले की खुणा एकमेकांना दिसत नाहीत आणि जुळणी चुकते. ज्या काकांनी तुम्हाला टॉर्च विझवून अंधारातून तिथवर नेलं, त्यांच्या वाडीत पुढच्या शनिवारी गाड्यांची रांग लागणं ही त्यांची परतफेड नव्हे.

सामानाचं मी करते आहे. तंबू तू ओलाच गुंडाळला होतास. आतून वास यायला लागलाय, तसाच ओला फार काळ राहिला असता तर बुरशी धरली असती आणि कापडावरचा पाणी अडवणारा लेप खराब झाला असता. साध्या पाण्यानं पुसून सावलीत वाळत घातलाय. वॉशिंग मशीन आणि कपड्यांची साबण पावडर दोन्ही त्याला वर्ज्य. स्लीपिंग बॅग उलटी करून दोन तास ऊन दिलं, आता ती मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवली आहे. छोट्या पिशवीत कोंबून ठेवली की आतलं भरण दबतं आणि ऊब जाते. हेडटॉर्चचे सेल काढलेत. तो टॉर्च मैथिलीचा आहे असं बाबा म्हणतात. तसं असेल तर नवीन सेल वेगळे घालून कुरियर करू, तिचा पूर्ण पत्ता कळव. तंबू प्राजक्ताताईचा आहे आणि तिनं खुंटे बारा मोजून दिले होते, मला अकरा सापडले. सॅकच्या बाजूच्या कप्प्यात बघ, ती तुझ्याकडेच आहे. नाही मिळाला तर तसं सांग. अ‍ॅल्युमिनियमचा एक खुंटा दुकानात सुटा मिळतो, तो आणून मगच तंबू परत करू.

आजीला नमस्कार सांग.

तुझी,
आई